जुना गंज पेठ, 19 ऑक्टोबर 1882

जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, असे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. समग्र वाङ्मयात छापलेला मजकूर उघडला की मात्र सवाल-जबाब कुठे दिसत नाहीत. तिथे आहे ते इंग्रजीत लिहिलेले, मधूनमधून मथळे दिलेले सलग निवेदन. शेवटी ठिकाण पुणे, तारीख 19 ऑक्टोबर 1882, पत्ता जुना गंज पेठेचा. सहीखाली स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली आहे: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. सत्यशोधक समाज निघून तेव्हा नऊ वर्षे झाली होती, पण सहीत त्याचा उल्लेख नाही.

यातली तिसरी ओळख आपण सहसा वाचतच नाही. फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. पैसा कोणत्या खात्यात जमतो, कुठे वळतो आणि कशासाठी कधीच पुरत नाही, हे त्यांनी आतून पाहिले होते. निवेदनाच्या सुरुवातीला ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेतला तडाखेबंद उतारा आहे खरा. त्यापुढचा मजकूर मात्र एका हिशेबी माणसाने लिहिलेला आहे, आणि माझ्या मते निवेदनाचे खरे बळ तिथेच आहे.

कमिशन नेमले गेले 3 फेब्रुवारी 1882 रोजी. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन, अध्यक्ष विल्यम विल्सन हंटर. सभासदांत मुंबईकडून काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि विल्यम ली-वॉर्नर होते. 1854 च्या वुडच्या खलित्यात सर्वसामान्यांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचे जे आश्वासन होते, त्याचे पुढे काय झाले हे तपासणे हे मुख्य काम. त्या खलित्यानंतर तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे उभी राहिली. खेड्यातल्या शाळेला तेवढी घाई कोणाला नव्हती.

निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात एक अडचण आहे. आपला शिक्षणातला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे सांगून फुले लिहितात की मुलींची शाळा आपण सुमारे 1854 साली काढली, आणि आपण व आपली पत्नी त्या शाळेत बरीच वर्षे एकत्र काम करत होतो. हे साल बरोबर असू शकत नाही. भिडे वाड्यातली शाळा 1848 ची, बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यातली 3 जुलै 1851 ची, आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुल्यांचा शाली देऊन सत्कारही झाला होता. बाहेरचे पुरावे बाजूला ठेवले तरी निवेदनच स्वतःला खोडून काढते. एज्युकेशन बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी आपल्या शाळा पाहून खूश झाले, असे फुले त्यातच पुढे सांगतात. आणि पेरी 1852 मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवणीतून लिहिली गेली की असे होते. छापखान्यात आकडा बदलला असण्याचाही संभव आहे. म्हणून सालासाठी हे निवेदन प्रमाण धरू नये. बाकीच्यासाठी धरावे, कारण बाकीचे सगळे 1882 साली डोळ्यांसमोर चाललेले होते.

आता पैशाचे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होई. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला, उरलेला रस्ते वगैरे कामांना. फुल्यांची तक्रार अशी की ज्या कामासाठी ही पट्टी घेतली जाते, त्या कामावर ती खर्च होत नाही. इलाख्यातल्या जवळजवळ नऊ दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे 10 लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असा आकडा ते देतात. आणि तो ऐकीव आहे हेही सांगतात. हा प्रामाणिकपणा नोंदवण्याजोगा आहे. पुढे हा आकडा उद्धृत करणाऱ्या कितीतरी लेखकांनी ‘असे म्हणतात’ हे शब्द गाळून टाकले.

पैसा कुठून आणायचा, याची त्यांनी रीतसर मांडणी केली आहे. लोकल फंडाचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणासाठी बाजूला काढावा. नगरपालिकांनी आपापल्या हद्दीतल्या सगळ्या प्राथमिक शाळा चालवाव्यात, आणि हे त्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने भाग पाडावे. प्रांतिक किंवा मध्यवर्ती तिजोरीतून पुरेशी रक्कम मिळावी. प्रशिक्षित शिक्षक ज्या देशी शाळा चालवतात, त्यांना सढळ अनुदान द्यावे. नगरपालिकेचा एक सभासदच सरकारला सांगतो आहे की आमच्यावर विसंबू नका, आमच्यावर सक्ती करा. पुण्याच्या म्युनिसिपल सभागृहात बसून आलेले हे ज्ञान असणार, असा माझा तर्क आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळांबद्दल फुल्यांना जराही माया नाही. फी दोन ते आठ आणे. शिकवायचे ते पाढे, थोडे मोडी वाचन-लेखन आणि काही धार्मिक पाठांतर. आणि दुसरा कोणताच धंदा जमला नाही म्हणून शाळा काढून बसलेला मास्तर. पण सरकारी शाळांचेही ते कौतुक करत नाहीत. तिथले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, पगार सहसा दहा रुपयांच्या वर जात नाही, आणि या पगारात मिळणारा माणूसही तेवढ्याच वकुबाचा. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराची तासणी हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, आणि चांगल्या शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी, मोठ्या गावात पंधरा-वीसपेक्षा कमी देऊ नये, असे ते सुचवतात. पगारावरच ते थांबत नाहीत. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपालाचे काम, स्टँप विक्री यांतले काही मास्तरकडे सोपवावे, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असेही ते म्हणतात. गावचा कागद कुलकर्ण्याच्या हातात असतो आणि सगळे त्याच्यापुढे झुकतात, हे पाहिलेल्या माणसालाच ही कल्पना सुचू शकते.

अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. आणि शेतीच्या धड्यांसोबत शाळेला जोडलेले छोटे नमुन्याचे शेत. तपासणीबद्दल त्यांचे म्हणणे असे की डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी यावे, आणि अधूनमधून न कळवता यावे. हा शेवटचा मुद्दा वाचताना आजचे शिक्षकही गालात हसतील.

पुणे शहराबद्दलचा तपशील सगळ्यांत बोचरा आहे. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसू देत नाहीत, म्हणून सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या फक्त मोठ्या शहरांत. पुण्यात या जातींची वस्ती पाच हजारांवर असताना शाळा एकच, आणि तिच्यात तीसही मुले नाहीत. हे शिक्षणखात्याला शोभत नाही, असे ते स्पष्ट लिहितात, आणि राणीच्या जाहीरनाम्यातल्या वचनाची आठवण देऊन वेगळ्या शाळा मागतात. आपण काढलेल्या शाळांना तीस वर्षे उलटून गेल्यावर हे लिहिताना त्यांना काय वाटले असेल, ते निवेदनात नाही. काही कारणांनी, ज्यांचा तपशील इथे देण्याची गरज नाही, मी त्या कामातून बाहेर पडलो, एवढेच ते सांगतात.

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. सरकारने वरच्या शिक्षणावरचा पैसा काढून प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा अशी फुल्यांची मागणी होती, असे सर्रास सांगितले जाते. त्यांचे चाहते सांगतात आणि विरोधकही सांगतात. निवेदनात याच्या उलट आहे. उच्च शिक्षणाची चंगळ आणि सामान्यांची उपेक्षा ही ओरड काही अंशी खरी आहे, असे ते मान्य करतात. पण देशाचे हित पाहणारा कोणीही सरकारने या वेळी उच्च शिक्षणातून हात काढून घ्यावा असे म्हणणार नाही, असे लगेच बजावतात. शिक्षण अजून बाल्यावस्थेत आहे. मदत काढून घेतली तर एकूण प्रसारालाच धक्का बसेल. शाळा-कॉलेजे खाजगी हाती गेली तर सरकारच्या तटस्थपणालाही बाध येईल, अशी भीतीही ते नोंदवतात. खाजगी म्हणजे कोणाच्या हाती, हे पुण्यात राहणाऱ्याला विचारावे लागत नव्हते.

त्यांचा रोख उच्च शिक्षणाच्या दारावर आहे. शिष्यवृत्त्या स्पर्धेने देणे तत्त्वतः न्याय्य असले तरी त्यातून शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, असे ते लिहितात, आणि ज्या वर्गांत शिक्षण पोचलेले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा असे सुचवतात. आपल्याकडे गुणवत्ता आणि राखीव जागा यांवर जो वाद आजही चालतो, त्यातली मुख्य मांडणी 1882 च्या या एका वाक्यात आहे, तीही विरोधी पक्षाचा मुद्दा आधी मान्य करून. विद्यापीठाबद्दलही दोन बारीक सूचना आहेत. मॅट्रिकची पुस्तके मद्रास आणि बंगालप्रमाणे सरकारी गॅझेटमध्ये जाहीर करावीत. आणि मॅट्रिकला जशी बाहेरून बसण्याची मुभा दिली, तशी वरच्या परीक्षांनाही द्यावी. कॉलेजात बसण्याइतका वेळ आणि पैसा ज्याच्याकडे नाही, त्याचा विचार करून केलेल्या या मागण्या आहेत.

त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्यातून कमिशनपुढे आणखी आवाज गेले. दोन वर्षांपूर्वी निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे यांनी साक्ष दिली. हंटर ती शाळा पाहून फार प्रभावित झाले. पुढे 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी प्रशिक्षित, चांगल्या पगाराच्या शिक्षिका, स्त्री तपासनीस आणि स्त्री डॉक्टर मागितल्या. फुल्यांच्या निवेदनात मुलींच्या शिक्षणाला सुरुवातीच्या आठवणीनंतर शेवटी एकच वाक्य मिळते: मुलींचे प्राथमिक शिक्षण अधिक उदारपणे पसरवावे. सावित्रीबाईंच्या पतीकडून ही कंजूषी खटकते, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

कमिशनचा अहवाल 1883 मध्ये आला. शिक्षणासाठी राखलेल्या स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा जवळजवळ एकमेव हक्क आणि प्रांतिक महसुलावर मोठा हक्क आहे, असे त्याने म्हटले, आणि शाळा लोकल बोर्डे व नगरपालिकांकडे सोपवण्याची शिफारस केली. इथपर्यंत ते जुना गंज पेठेच्या जवळ येते. पुढे वाटा फुटतात. प्राथमिक शाळांना निकालाप्रमाणे अनुदान द्यावे, असे कमिशनचे मत पडले. फुल्यांनी नेमके हेच नको म्हटले होते: गरीब, अडाणी वस्तीत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पोट भरायला कोणता मास्तर जाईल? उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून खाजगी संस्थांना वाव द्यावा, हेही कमिशनने सुचवले. पुण्यात तो वाव घेण्याच्या तयारीत कोण होते, ते वर आलेच आहे.

आणि सक्ती. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, हे फुल्यांनी एकाच वाक्यात मागितले. इंग्लंडमध्ये 1880 च्या कायद्याने शाळेत हजेरी सक्तीची झाली होती. कमिशनने स्थानिक बोर्डांची कल्पना इंग्लंडकडे पाहूनच उचलली, पण सक्ती तिकडेच ठेवली.

सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. फुले बडोद्याला गेले असता महाराजांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचून घेऊन ऐकला, हे फुल्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. दोन्ही गोष्टी जोडण्याचा मोह होतो. पण प्रस्तावनेतून सिद्ध होते ते फक्त ऐकणे. धोरणाचा उगम तिथे होता असे त्यावरून म्हणता येत नाही. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये हुकूम काढला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला 1918 मध्ये, फुले वारल्यानंतर 28 वर्षांनी. त्यात नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा होती. त्यांनी ते केलेच पाहिजे असे कलम त्यात नव्हते.