घोड्याला हाताने चोळणं, खरारा, घरगुती लेप: गुण कुठे येतो आणि जीव कुठे जातो?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की त्याची राज्यभर बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सगळीकडे फिरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. याच दिवसांत लग्नसराई चालू असते आणि वरातीचा घोडा रात्री उशिरा थंडीत घरी येतो. सकाळी तो अंग आखडून उभा दिसला की मालक पहिल्यांदा तेलाची बाटली शोधतो. कधी त्याचं बरोबर असतं. कधी मात्र त्या तासाभराच्या मालिशीत घोडा हातचा जातो.

हा फरक कसा ओळखायचा?

मुळात घोड्याच्या अंगावर हात फिरवून उपचार करणं आपल्याकडे नवीन नाही. निफाड तालुक्यातलं विंचूर हे पेशवाईतले घोडदळाचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. शेजारच्या येवल्यात आजही घोड्यांचा बाजार भरतो. जिथे पागा होती तिथे मोतद्दार होता, आणि मोतद्दाराचं रोजचं काम म्हणजे खरारा. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणं नव्हे. गवताचा बोळा करून मान, खांदा, पुठ्ठे दाबून चोळायचे, त्याने रक्त खेळतं आणि हाताला गाठ, सूज, गरम जागा आधी कळते. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणायचे. हा शब्द आला शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या आद्य आचार्यांच्या नावावरून. पांडवांतल्या नकुलाच्या नावावरही ‘अश्वचिकित्सा’ नावाचा ग्रंथ सांगितला जातो.

सध्या व्हिडिओंमध्ये जे हलक्या हाताचे प्रकार दिसतात, ते बरेचसे अमेरिकेतून आले. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोडे शिकवणाऱ्या बाई १९७० च्या दशकात माणसांच्या हालचालींवर काम करणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकल्या आणि तेच त्यांनी घोड्यांवर आणलं. त्यांच्या पद्धतीत बोटांनी कातडी न घासता हलकेच सरकवत साधारण सव्वा वर्तुळ काढायचं आणि पुढच्या जागी जायचं. कानाच्या मुळापासून टोकापर्यंत हात ओढणं हाही त्यातलाच भाग. जिम मास्टरसन यांची पद्धत आणखी हलकी. हात मानेवरून जवळपास न टेकवता न्यायचा, घोड्याने डोळा मिचकावला की तिथेच थांबायचं आणि तो ओठ चाटेपर्यंत, जांभई देईपर्यंत वाट पाहायची. घोडा मान खाली सोडतो, खालचा ओठ लोंबतो, डोळा अर्धा मिटतो. कान मागे टाकले, शेपूट फटकारली किंवा कातडी थरथरवली की हात काढून घ्यायचा. उभं राहायचं ते खांद्याशी, मागच्या पायांच्या मागे कधीच नाही.

याला पुरावा किती? मानेच्या मुळाशी, जिथे पाठ सुरू होते तो उंचवटा खाजवला की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे फ्रान्सच्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली मोजलं गेलं. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तीही बहुतेकदा हीच जागा. म्हणजे घोडा शांत होतो, यात शंका नाही. आजार बरा होतो का, हा प्रश्न वेगळा. प्राण्यांच्या मालिशीवर झालेल्या अभ्यासांचा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुरावा अपुरा असल्याचंच संशोधकांनी लिहिलं. होमिओपॅथीच्या गोळ्यांबाबत तर तेवढंही म्हणता येत नाही.

तेव्हा दमलेला, बुजरा, नव्याने विकत आणलेला किंवा बँडच्या आवाजाला घाबरणारा घोडा असेल तर हात फिरवायला काहीच हरकत नाही. मात्र खोगिराखाली पाठ लागली असेल तर आधी खोगीर आणि तंग तपासा. खोगीर टोचत असताना रोज पाठ चोळणं म्हणजे काटा तसाच ठेवून पायाला मलम लावणं.

आता धोक्याच्या जागा.

पहिला पोटशूळ. थंडीत घोडा गार पाणी कमी पितो, कोरडा चारा खातो आणि आतड्यात लीद अडकते. तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून पोटाकडे बघतो, लोळतो, लीद टाकत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात दाब वाढत जातो. अशा वेळी पोट चोळणं, ओवा-हिंगाचा काढा नळीने घशात ओतणं हे प्रकार सर्रास होतात. काढा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या पुढे गेली तर प्रकरण गंभीर आहे. चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. टाळणंही सोपं आहे. निफाडच्या थंडीत कोमट पाणी ठेवलं तर घोडा जास्त पितो, आणि ते कोणत्याही तेलापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा धोका फसवा आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, घोडा बांधून असतो, पण चंदी पूर्ण चालू असते. तुळशीच्या लग्नानंतर एकदम वराती लागतात, तासन्‌तास नाचवणं सुरू होतं. मग घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. इथे स्नायूच मोडत असतात. बघणाऱ्याला मात्र मालिशीची गरज वाटते. अशा घोड्याला चोळू नये, चालवू नये, आहे तिथेच झूल टाकून उभा ठेवावा. सुट्टीच्या दिवसांत चंदी कमी करणं हाच यावरचा खरा उपाय.

तिसरा धोका खुराचा. पुढचे पाय लांब टाकून, अंगाचा भार मागे घेऊन उभा असेल आणि खूर गरम लागत असतील तर तेल लावून काही होणार नाही. बऱ्याचदा जास्त दाणा किंवा गूळ खाल्ल्याने हे होतं. खुरात खिळा शिरला असेल तर हळद भरून मोकळं होऊ नका. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, त्याची लस आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमजच. लासलगावच्या पट्ट्यात कांद्याची पात आणि सडका माल जनावरांपुढे टाकला जातो. कांदा जास्त पोटात गेला तर घोड्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. कृमीवर म्हणून लसूण मोठ्या प्रमाणात दिला तरी तेच. कापूर घातलेलं तेल लावून वर तंग कसला तर कातडी भाजते. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची जुनी रीत तर आता सोडायलाच हवी, त्यात वेदनेपलीकडे काहीच मिळत नाही.

नाकातून चिकट पिवळा स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हात लावायचाच नाही. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची खबर पशुसंवर्धन विभागाला देणं कायद्याने बंधनकारक आहे.

रोग ओळखून औषध देण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पशुवैद्यकाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना नाडी, ताप (नेहमीचा ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस) आणि शेवटची लीद कधी टाकली, एवढं सांगितलं तर डॉक्टर तयारीने निघतात. ते येईपर्यंत घोड्याच्या खांद्याशी उभं राहून मानेवरून हात फिरवत राहायला हरकत नाही.