रिपोर्टच्या आधीचं बोलणं

१९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासूनच होती. तिथे हॉस्पिटलांच्या फायली चाळल्या की रुग्ण सापडायचे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत मात्र माणसं हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती. मग नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. कुठली लक्षणं अंगावर काढू नयेत ते सांगायचे, संशय आला तर तपासणीला यायला राजी करायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. फरक पडला तो मुख्यतः कोणीतरी दारात येऊन बोलल्यामुळे.

मी या इतिहासात शिरलो तो बाबांच्या रिपोर्टमुळे. मी वाघोलीत राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. कंपनीच्या हेल्थ पॅकेजमध्ये आई-बाबांचीही तपासणी होती. सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ आली. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि खाली ठळक अक्षरांत ‘पीएसए ५.८’. ही टेस्ट कशाची, हे रक्त देताना बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिच्यात तयार होणारं प्रथिन. १९८६ साली अमेरिकेच्या एफडीएनं या टेस्टला मान्यता दिली, ती कॅन्सरचं निदान झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मान्यता मिळाली १९९४ साली. तोवर ती धडधाकट पुरुषांच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये शिरली होती.

अडचण अशी, की ग्रंथी वयानं वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी हा आकडा चढतो. शिवाय प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात, की त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक क्षमताही. २००९ साली युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचा हिशेब आला: एक मृत्यू टाळायला १,४१० पुरुषांची तपासणी आणि ४८ जादा पुरुषांवर उपचार. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासाला फायदा दिसलाच नाही. २०१२ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञगटानं ‘सरसकट करू नका’ असं सांगितलं. २०१८ साली सल्ला बदलला: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषानं डॉक्टरांशी फायद्या-तोट्याबद्दल बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर ही तपासणी नको. इतक्या वर्षांच्या वादातून निघालेली शिफारस एका संभाषणाची होती.

आपल्याकडचं दुखणं उलटं आहे. इथे अनेकांचं निदान फार उशिरा होतं. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, प्रोस्टेट नाही. म्हणजे याबद्दल बोलणं झालंच तर दवाखान्यात होणार. पण घरातल्या पुरुषांनी लघवीच्या त्रासाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. ‘वय झालं, चालायचंच.’

आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “काका, रात्री किती वेळा उठता?” बाबा म्हणाले, “चारदा. दोन वर्षं झाली.” मी त्याच घरात राहतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. मग जळजळ होते का, रक्त जातं का, वडिलांना किंवा भावांना हा कॅन्सर होता का, असे प्रश्न झाले. डॉक्टर म्हणाले, “हा आकडा प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचाच असं नाही. आधी लघवी तपासू, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. बायोप्सीची वेळ आली तर ती करायची का, हे तुम्हाला सगळं सांगून मगच ठरवू.”

संसर्ग निघाला. औषधांनंतर आकडा ३.९ आला. काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं, आणि या वेळी ते का करायचं हे बाबांना माहीत होतं.

वडिलांसाठी पॅकेज बुक करणारे बहुधा आपणच असतो. त्यात पीएसए आहे का ते आधी बघा. असेल तर रक्त देण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि थोडा वेळ बाहेर थांबा. मुलासमोर न निघणारे शब्द तिथे निघतात. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर मात्र पॅकेजची वाट बघत बसू नका.