मरणाचा गुणाकार

बॉण्ड मीच वाचून दाखवला होता.

२०२२ चा उन्हाळा. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलांची रांग आहे, त्यातल्या एका मिलमध्ये मी रातपाळीला होतो. रोलमधून निघालेली लाल सळई वाकली, उसळली आणि आमच्याच वस्तीतल्या एका चोवीस वर्षांच्या पोराच्या बरगडीत शिरली. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्हायचा होता, त्याआधीच ठेकेदार दारात आला. हातात नगदी दोन लाख आणि शंभराचा बॉण्ड. बॉण्डवर लिहिलेलं : मयत कामावर असताना दारू प्यालेला होता, आमची मिलबद्दल वा ठेकेदाराबद्दल काही तक्रार नाही, पुढे कुठल्याही कोर्टात दावा करणार नाही.

वस्तीत लिहिता-वाचता, कविता करणारा म्हणून मला बोलावणं आलं. मी खणखणीत आवाजात वाचलं. त्याची माय म्हणाली, "लेकरा, काय करू?" मी म्हणालो, "ठेवा मावशी अंगठा. गेलेला थोडाच येतो."

मी, विद्रोहाच्या कविता लिहिणारा. त्या दिवशी ठेकेदाराचा कारकून झालो.

दोन पावसाळे गेल्यावर औरंगाबादला जुन्या पुस्तकांच्या ढिगात कामगार भरपाईच्या कायद्याचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. डिक्शनरी घेऊन रातपाळीच्या सुट्टीत ते फोडत बसलो. फोडता फोडता मागे मागे गेलो. मित्रांनो, आपण बुद्धाचा, शिवाजीचा, फुल्यांचा, बाबासाहेबांचा इतिहास वाचतो. आपल्या मेलेल्या माणसाच्या हिशोबाचाही इतिहास आहे. तो मला सापडला तसा सांगतो.

इंग्रजांच्या जुन्या कायद्यात एक अजब गोष्ट होती. एखाद्यानं तुमचा हात मोडला तर तुम्ही दावा करू शकत होता. जीवच घेतला तर दावा माणसाबरोबरच मरायचा. म्हणजे अर्धा मारणं महाग आणि पुरता मारणं स्वस्त. विलायतेत आगगाड्या आल्या, माणसं चिरडून मरायला लागली, तेव्हा १८४६ साली तिथं कायदा बदलला. आपल्याकडे तो आला १८५५ साली, २७ मार्चला. मेलेल्याच्या बायकोला, नवऱ्याला, आईबापाला, लेकरांना दावा करता येईल, असं त्यात आहे. तो कायदा आजही पुस्तकात आहे.

आता त्या तारखेशेजारी दुसरी तारीख ठेवा. १८५५ च्याच १५ फेब्रुवारीला आणि १ मार्चला 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध दोन भागांत छापून आला. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. पेशवाईत मांगामहारांना इमारतीच्या पायात गाडत, हे तिनं त्या निबंधात लिहून ठेवलं. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला मुक्ता सांगते की आमची माणसं पायात गाडली गेली, आणि त्याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला सरकार सांगतं की माणूस मेला तर घरच्यांना दावा करता येईल. दोघांची गाठ कधी पडली नाही. मुक्ताच्या लोकांपैकी कोण कोर्टाची फी भरणार होतं? मुनसफ कोण, वकील कोण, साक्षीदार कोण? पायात गाडलेल्या माणसाची किंमत कोण लावणार होतं?

किंमत. हा शब्द नीट धरून ठेवा. १८५५ च्या कायद्यानं ठरवलं की घरच्यांचं जेवढं नुकसान तेवढी भरपाई. नुकसान म्हणजे काय, तर मेलेला घरात आणत होता ते पैसे.

मग १९२३ चा कामगार भरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून लागू झाला. यात मालकाची चूक सिद्ध करायची गरज ठेवली नाही, हे मोठं काम होतं. पण रक्कम बघा. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, दोन्हीतलं जे कमी असेल ते. पोरगं मेलं तर २०० रुपये. रानात राबणारा सालदार या कायद्यात नव्हताच; तो विहिरीत पडून मेला तर विहीर बाटली म्हणून ओरड झाली असती, भरपाई कुठली.

पगाराचे तीस महिने. इथंच माझं डोकं फिरलं. मुंबईच्या गिरण्यांत चांगला पगार विणकाम खात्यात. त्या खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. का, तर कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागतो, धागा उष्टा होतो, सवर्ण कामगाराचा धर्म बुडतो. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. आपल्या माणसाला कमी पगाराचं खातं. आता गुणाकार करा. पगार जातीनं कापलेला, आणि मरणाची भरपाई त्या पगाराच्या पटीत. जात जिवंतपणी पगारात बसली आणि मेल्यावर भरपाईत. कायद्यात जातीचा एक शब्द नाही. गरजच नव्हती. तीस हा आकडा सगळ्यांना सारखाच होता की!

आमच्या जालन्यात तर तेवढंही नव्हतं. जालना निजामाच्या राज्यात. मुंबईच्या गिरणीत मेलेल्याला १९२४ पासून जो कायदा होता, तो ब्रिटिश हद्दीतला. कुंडलिका नदीच्या काठी काही तो आपोआप वाहत आला नाही.

१९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात कामगारांच्या विम्याची योजना प्रा. अडारकरांनी आखली, १९४४ ला अहवाल आला, आणि १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. यातला विचार मला फार मोठा वाटतो. मरणानंतर एकदाच ठोक रक्कम तोंडावर फेकायची नाही. विमा महामंडळानं विधवेला, लेकरांना महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे. मालकाच्या दारात उभं राहायचं नाही. पण त्यासाठी माणसाचं नाव कागदावर पाहिजे. ठेकेदार नेमकं तेच करत नाही. आमच्या मिलमध्ये त्या पोराचं नाव कुठं होतं? मुकादमाच्या खिशातल्या वहीत, तेही अर्धं.

आता बॉण्डकडे येतो. १९२३ च्या कायद्याचं आठवं कलम वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. माणूस मेला असेल तर भरपाई आयुक्ताकडेच जमा करायची. मालकानं परस्पर घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होते. सतरावं कलम : कामगारानं हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. बारावं कलम : ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक जबाबदार. आणि प्यालेला होता, बूट घातले नव्हते, सांगितलेलं ऐकलं नाही, ही रडगाणी जखमेच्या केसमध्ये चालतील, मरणाच्या केसमध्ये चालत नाहीत. म्हणजे मी खणखणीत वाचलेल्या त्या बॉण्डची एकेक ओळ कायद्यानं आधीच फाडून ठेवलेली होती. मला माहीत नव्हतं. ठेकेदाराला माहीत होतं, म्हणून तर तो तिसऱ्याच दिवशी आला.

गुणाकारही करून पाहिला. तीस महिने कधीच गेलेत. आता निम्मा पगार गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चोवीस वर्षांना २१८.४७. त्याची हजेरी पाचशे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे तेरा हजार. निम्मे साडेसहा हजार. २१८.४७ नं गुणा : १४ लाख २० हजार ५५ रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर्षाला बारा टक्के व्याज, वर दंड वेगळा. मावशीच्या हातात दोन लाख पडले होते, त्यातले चाळीस हजार उसनवारीत गेले.

(हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. नव्या अपघाताला नवी कलमं बघावी लागतील. निम्मा पगार गुणिले आकडा, हे सूत्र तिथंही आहे. कलमांचे नंबर बदलले म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.)

मिलमध्ये माणूस मेला तर निदान मालक असतो. सरकारच्या कोठडीत मेला तर? मालकाच्या जागी सरकार, साक्षीदार पोलीस, पंचनामा पोलिसांचा. ही भिंत एका आईनं फोडली. ओडिशातली नीलाबती बेहेरा. १ डिसेंबर १९८७ ला तिचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळावर सापडलं. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली गेला. बाईनं १४ सप्टेंबर १९८८ ला सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. नुसतं पत्र. कोर्टानं तीच याचिका धरली, आणि २४ मार्च १९९३ ला निकाल दिला : जगण्याचा हक्क सरकारनं मोडला तर सरकारनं भरपाई द्यायची, दिवाणी दाव्याची वाट बघायची नाही. दीड लाख रुपये. बाबासाहेबांनी ज्या ३२ व्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं, त्याच कलमाच्या दारातून ती बाई आत गेली.

आणि आमच्या शेजारचं परभणी. जालन्याहून गाडीत बसलं की परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांतून धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, वकिलीचा विद्यार्थी, त्यात पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. विधानसभेत सरकारनं मारहाण नाकारली आणि श्वासाच्या आजाराकडे बोट दाखवलं. मला आमचा बॉण्ड आठवला. मिलमध्ये मेला तर दारू, कोठडीत मेला तर दमा. मेलेल्यावर ढकलायला काहीतरी सापडतंच.

त्याची आई विजयाबाई. १८ डिसेंबरला तिनं तक्रार दिली. गुन्हा नोंदला गेला नाही. ती हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, बाळासाहेब आंबेडकर तिच्या बाजूनं उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं तिच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं. ३० जुलैला तिथंही हुकूम कायम राहिला. साधा एक गुन्हा कागदावर यायला सात महिने आणि दोन कोर्टं लागली. १९८१ ला हे खंडपीठ औरंगाबादला आलं नसतं तर त्या माऊलीला मुंबईच्या चकरा माराव्या लागल्या असत्या. आमचा जिल्हाही त्याच वर्षीचा.

बायकांचीच नावं येत राहतात, हे मी मुद्दाम करत नाही. गोवंडीला २०१९ च्या डिसेंबरात सेप्टिक टँकमध्ये तीन जण गुदमरून मेले, त्यांच्या विधवा हायकोर्टात गेल्या, म्हणून २०२१ ला प्रत्येकीला दहा लाखांचा हुकूम झाला. सुप्रीम कोर्टानं दहा लाखांचा निकाल २०१४ लाच दिलेला होता. तरी बायांना परत भांडावं लागलं. २०२३ च्या ऑक्टोबरात तीच रक्कम तीस लाख झाली.

या दहा, तीस लाखांत एक गोष्ट आहे जी १९२३ च्या कायद्यात नाही. इथं पगार विचारत नाहीत. ॲट्रॉसिटीच्या नियमांतही नाही. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे खून झाला तर ८ लाख २५ हजार. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र कोर्टात गेल्यावर, शिवाय विधवेला दरमहा पेन्शन. मेलेला सालदार होता की साहेब, आकडा तोच. अर्थात कलम लागलं तर. गुन्हा नोंदवतानाच ते गाळलं की आकडाही गळाला. म्हणून कार्यकर्त्यानं स्मशानातून सरळ सभेला जाऊ नये, आधी एफआयआरची नक्कल हातात घ्यावी. भाषण तेरा दिवसांनी केलं तरी चालतं.

आमचं राहिलं. दावा दोन वर्षांच्या आत टाकावा लागतो. पुस्तक सापडलं तेव्हा चार आठवडे उरले होते. मावशीला सांगायला गेलो तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मंग तवा काऊन नाही सांगितलंस?" चळवळीतल्या एका वकिलानं फी न घेता दावा टाकला. मिल म्हणते, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. ठेकेदार म्हणतो, हिशोब मिटलाय, हा घ्या बॉण्ड. कामालाच नव्हता तर बॉण्ड कशाचा, हे दोघांनी एकमेकांना विचारायला पाहिजे होतं.

साक्षीदार मी. साक्षीला नाव गेलं त्या आठवड्यात माझी हजेरी बंद झाली. सध्या डाळमिलमध्ये आहे, पोती मोजतो. उलटतपासणीत मिलच्या वकिलानं बॉण्ड माझ्यासमोर धरला.

"हा तुम्हीच वाचून दाखवला?"

"हो."

"अंगठा ठेवा, असं तुम्हीच सांगितलं?"

"हो."

मावशी मागच्या बाकावर बसलेली होती. कारकुनानं पुढची तारीख सांगितली. कागद नव्हता, मी तळहातावर लिहून घेतली.