नागपूरची मध्यरात्र

१९५३ साली आठ विमान कंपन्या एकत्र करून सरकारने देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स उभी केली. ताफ्यात भरणा डाकोटांचा. शेपटीखाली चाक असल्याने जमिनीवर हे विमान तिरकं उभं राही. पुढच्या आसनापर्यंत अक्षरशः चढण चढावी लागे.

खरी गंमत रात्रीच्या टपालसेवेची. ती १९४९ पासूनच सुरू होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर जमत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, पेंगुळलेले प्रवासीही विमान बदलत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा फायदा नागपूरला क्वचितच झाला असेल!

१९५७ मध्ये व्हायकाउंट आलं, १९६४ मध्ये कॅरावेल जेट. महानगरं थेट जोडली गेली, आणि सोनेगावची ती मध्यरात्रीची लगबग ओसरली.