पार्स सर्व्हर
पार्स सर्व्हर : मोबाइल व वेब ॲप्सना डेटासाठा, वापरकर्ता-खाती आणि पुश सूचना पुरवणारा मुक्तस्रोत बॅकएंड सर्व्हर. मूळ ‘पार्स’ ही होस्टेड सेवा 2011 मध्ये सुरू झाली व 2013 मध्ये फेसबुकने विकत घेतली. ती बंद करण्याचा निर्णय जानेवारी 2016 मध्ये जाहीर झाला, त्याच वेळी हा सर्व्हर खुला करण्यात आला. मूळ सेवा जानेवारी 2017 मध्ये थांबली.

सर्व्हर नोड.जेएसवर चालतो आणि माहिती मोंगोडीबी किंवा पोस्टग्रेसमध्ये ठेवतो (पहा : डेटाबेस). क्लाउडवर तो बहुधा डॉकर कंटेनरमधून चालवतात (पहा : कंटेनर). कंटेनरची इमेज, म्हणजे ज्यावरून तो उभारतात तो साचा, एकदाच बांधली जाते. ॲप आयडी, मास्टर की, डेटाबेसचा पत्ता व सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता ही मूल्ये मात्र कंटेनर चालू करताना पर्यावरण-चलांतून दिली जातात. मास्टर की सर्व परवानग्या ओलांडत असल्याने ती इमेजमध्ये कधीही ठेवू नये. सहाव्या आवृत्तीपासून ही की, वेगळी सेटिंग केली नसल्यास, फक्त स्थानिक पत्त्यावरूनच स्वीकारली जाते. त्यामुळे शेजारच्या कंटेनरमधील व्यवस्थापन-डॅशबोर्डला वेगळी मुभा द्यावी लागते. कंटेनर नव्याने उभारला की त्याच्या आतील फायली नाहीशा होतात. म्हणून डेटाबेस स्वतंत्र चालवतात आणि अपलोड झालेल्या फायली ग्रिडएफएस किंवा ॲमेझॉन एस3 सारख्या साठ्यात ठेवतात.

बंद पडणाऱ्या सेवेवरील ॲप्स, त्यांचा बराचसा कोड न बदलता, स्वतःच्या सर्व्हरवर हलवता आली, हे या प्रणालीचे मुख्य महत्त्व होय (पहा : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर).