मोटरबोटीतली रबरी नळी : तिच्या वार्धक्याचा इतिहास

हौशी मोटरबोटीच्या मागच्या भागात, इंजिनावरच्या झाकणाखाली, एक जाडजूड काळी रबरी नळी असते. इंजिनाचा धूर आणि त्यात मिसळलेले पाणी बोटीबाहेर नेणे हे तिचे काम. बोटवाले तिला एक्झॉस्ट होस म्हणतात. काही वर्षांनी ती बदलावी लागते आणि बहुतेक मालक हे काम पुढच्या हंगामावर ढकलतात, कारण वरून पाहता ती धडधाकट दिसते. वरून धडधाकट दिसणारी ही वस्तू आतून का मरते, हे समजून घ्यायचे तर १८३४ सालच्या न्यूयॉर्कमध्ये जावे लागेल. आजचा थ्रेड त्याविषयी.

त्या वर्षी चार्ल्स गुडइयर नावाचा एक दिवाळखोर व्यापारी रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात शिरला. बुडणाऱ्याला तरंगत ठेवणारे हवेचे रबरी साधन त्याने तिथे विकत घेतले, त्याची हवा भरण्याची झडप त्याला सदोष वाटली, म्हणून नवी झडप करून तो परत गेला. दुकानाच्या व्यवस्थापकाने त्याला खरे दुखणे सांगितले : झडपेचे राहू द्या, मुळात रबरच टिकत नाही. उन्हाळ्यात चिकट होऊन वितळते, थंडीत दगडासारखे होते, आणि विकलेला माल परत येतो. अमेरिकेत तेव्हा रबराचे वेड शिगेला पोचले होते आणि त्याच कारणाने ते लवकरच ओसरलेही.

पुढची पाच वर्षे गुडइयरने कर्जात, मध्येच कर्जापायी तुरुंगात, रबरात नाना पदार्थ मिसळून पाहण्यात घालवली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला आणि तो न वितळता चिवट झाला, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती इतकी नेटकी आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा जपूनच घ्यावी. गंधकाची कल्पना नॅथॅनिएल हेवर्ड या दुसऱ्या माणसाकडून आली होती, आणि त्या तुकड्यापासून १८४४ च्या पेटंटापर्यंत पोचायला आणखी पाच वर्षे लागली. दरम्यान इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३ मध्येच आपला अर्ज दाखल केला होता. या क्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कनवरून ‘व्हल्कनीकरण’ हे नाव दिले ते हॅनकॉकचा मित्र विल्यम ब्रॉकेडन याने. गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ सालची. तिच्याशी त्याचा संबंध केवळ नावापुरता.

गंधकाने रबराच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकले. रबर आता ऋतूंना दाद देईना. म्हणून ते टिकाऊ झाले असे लोकांनी मानले, आणि इथेच गैरसमजाची पहिली वीट बसली. रबर टिकाऊ झाले होते, अमर नव्हे. त्याची भावकी असलेल्या गटापर्चाने याचा इशारा लवकरच दिला. हिंदुस्थानच्या तारायंत्रासाठी वापरलेले गटापर्चाचे आवरण खराब होऊ लागले, तेव्हा रसायनज्ञ हॉफमन याने १८६० च्या सुमारास ते तपासून कारण सांगितले : हवेतला ऑक्सिजन ते हळूहळू शोषून घेत होते. उष्णता ही क्रिया आणखी वेगाने घडवते. गुडरिच कंपनीतील विल्यम गीअर याने १९१६ च्या सुमारास नेमका याचाच उपयोग केला. रबराचे तुकडे भट्टीत तापवत ठेवून अनेक वर्षांचे वार्धक्य काही दिवसांत घडवून पाहायची पद्धत त्याने रूढ केली. म्हणजे रबराला वय असते, हे कारखानदारांना शंभर वर्षांपूर्वीच पक्के ठाऊक होते.

हीच गुडरिच कंपनी १८७० मध्ये ओहायोतील ॲक्रन गावी सुरू झाली. संस्थापक अमेरिकी यादवी युद्धात काम केलेला डॉक्टर, आणि सुरुवातीचा माल अग्निशमनासाठी सुती वेष्टणाच्या रबरी नळ्या. त्याआधी आगीच्या बंबाला चामड्याच्या नळ्या असत, त्या कुजत आणि फुटत. रबर आणि कापड यांचे थरावर थर हे तेव्हाचे तंत्र आजच्या बोटीच्या नळीतही आहे. फक्त आता त्या थरांत तारेचे वेटोळे गुंफलेले असते, म्हणजे नळी वळणावर चेपत नाही.

आता बोटीकडे येऊ. १८८६ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची नौका चालवली. स्फोटाच्या भीतीने लोक तिच्यात बसायला धजेनात, म्हणून डाइमलरने तिच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे विद्युतरोधक लावून ती विजेवर चालते असा देखावा केला, असे सांगतात. भीती चुकीची नव्हती, तिने केवळ धोका चुकीच्या जागी पाहिला. स्फोट क्वचित होई. धूर मात्र रोजचाच होता.

आरंभीच्या इंजिनांचा धूर लोखंडी नळीतून कोरडाच बाहेर पडे. ती नळी लाकडी बोटीत तापून लाल होई आणि आवाजाने कान किटत. यावर निघालेला तोडगा फार देखणा होता. इंजिन थंड करून आलेले पाणी धुराच्या वाटेतच सोडायचे. शेकडो अंशांवरचा धूर क्षणात निवतो, आवाज दबतो, आणि लोखंडाऐवजी हवी तशी वळणारी रबरी नळी चालते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशिगनमधील अल्गोनॅकच्या क्रिस-क्राफ्टसारख्या कारखान्यांनी हौशी बोटी मोठ्या संख्येने बांधल्या, आणि जलविहार ही शांत, आल्हाददायक गोष्ट झाली.

माझ्या मते या इतिहासातला कळीचा क्षण हाच. पाण्याने धुरातली उष्णता घेतली, काजळी आणि वासही काही अंशी धुऊन नेला. पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तापलेले लोखंड आणि कर्कश आवाज, जे माणसाला सावध करत होते, ते गेले; विष राहिले. हा वायू रक्ताला चिकटून ऑक्सिजनची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नारने फ्रान्समध्ये १८५० च्या दशकात दाखवले होते. ब्रिटनमध्ये जे. एस. हॉल्डेनने १८९५ मध्ये तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले, आणि खाणीत इशाऱ्यासाठी लहान प्राणी-पक्षी नेण्याचा सल्ला दिला. हिमोग्लोबिनची या वायूशी जवळीक ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. खाणकामगारांना पक्षी मिळाला. बोटीवर सहलीला निघालेल्या कुटुंबाला बराच काळ काहीच मिळाले नाही.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतील लेक पॉवेल जलाशयात एका हाउसबोटीमागे पोहणारे दोन लहान भाऊ दगावले. जनरेटरचा धूर मागच्या फळीखालच्या पोकळीत सोडलेला होता. नंतर सरकारी संशोधकांनी अशा बोटींवर मोजणी केली, तेव्हा जीवघेणी मानलेली दहा लाखांत १२०० भाग ही पातळी तिथे कित्येक पटींनी ओलांडलेली आढळली. तो धूर बोटीबाहेर सोडलेला होता, हे लक्षात घ्या. नळी फुटली तर तोच धूर बोटीच्या पोटात साचतो, तिथून खोलीत येतो. पेट्रोल इंजिनांत हा धोका डिझेलहून कितीतरी अधिक. आणि त्याच फटीतून पाणीही आत येते, म्हणजे बोट बुडण्याची दुसरी वाट.

मग नळी मरते कशी? उष्णता, तेल आणि ऑक्सिजन यांनी. १९३० मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या निओप्रीनने आणि त्यानंतरच्या कृत्रिम रबरांनी हा मृत्यू लांबवला, टाळला नाही. शीतजलाचा पंप अडला की कोरडा धूर नळीला आतून भाजतो. म्हणूनच एसएई जे-२००६ या अमेरिकी मानकानुसार, इंजिन पूर्ण वेगात असताना पाणी बंद पडले तरी नळीने दोन मिनिटे तग धरला पाहिजे. दोनच मिनिटे. एकदा असे भाजलेली नळी वरून पूर्वीसारखीच दिसते. आत मात्र अस्तर सुटून लोंबते, धुराची वाट अडवते, किंवा थरांत शिरलेल्या पाण्याने तार गंजते.

बदलण्याचे काम अवघड नाही, किचकट आहे. जुनी नळी पाइपाला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती ओढून निघत नाही. लांबीत चिरावीच लागते. नवी त्याच मापाची आणि मानकाचा छाप असलेली घ्यायची, उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी उलटे इंजिनात शिरत नाही. दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलचे दोन-दोन क्लॅम्प आवळायचे. आणि चिरून काढलेली जुनी नळी टाकण्याआधी उलगडून तिचे अस्तर एकदा पाहायचे. गीअरला भट्टीतून तुकडे काढल्यावर जे दिसत असेल, तेच तिथे दिसते : वरची बाजू काळी, गुळगुळीत, आणि आतली भेगाळून बोटाखाली चुरा होणारी.