तेरा हजार पेट्यांचा प्रवास

हैदराबादच्या आम्हा मराठी मंडळींकडे पाहुणा आला की चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग हा फेरा ठरलेलाच. सालारजंगमध्ये चिनी भांड्यांच्या कपाटांपुढून आम्ही घाईने पुढे सरकतो, कारण घड्याळाचे टोल चुकवायचे नसतात. पण खुद्द चिनी बादशहांचा संग्रह कसा वाचला, ही हकिकत ऐकण्यासारखी आहे. आम्हा सरकारी नोकरांना तर ती विशेष भावेल. कारण तिची सुरुवात स्टॉक रजिस्टरने होते.

नोव्हेंबर १९२४ मध्ये शेवटचा बादशहा पु यी याला बीजिंगच्या राजवाड्यातून बाहेर काढले. लगोलग समिती नेमून मोजदाद सुरू झाली. दालनात शिरल्यावर जे समोर येईल ते लिहायचे, मौल्यवान-फुटकळ असा भेद नाही. त्यामुळे पहिल्या नोंदीत हिरे-माणके नाहीत, दोन पायऱ्यांचे लाकडी स्टूल आहे! अकरा लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी तिथेच संग्रहालय उघडले.

पुढे जपानने मांचुरिया घेतला. १९३३ मध्ये संग्रहालयाच्या १३,४९१ पेट्या कापूस, गवत भरून रेल्वेने दक्षिणेकडे निघाल्या. १९३७ साली युद्ध भडकल्यावर त्या तीन वाटांनी देशाच्या पश्चिमेकडे हलवल्या. सोबत प्राचीन लेख कोरलेले दहा दगडी ढोलही होते, एकेक सुमारे टनभर वजनाचा. नाजूक वाडगे आणि हे धोंडे, दोन्ही जिवापाड सांभाळून नेणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांना आमचा दंडवत.

युद्ध संपल्यावर पेट्या नानजिंगला परतल्या, तोच यादवी पेटली. १९४८-४९ मध्ये तीन जहाजांतून २,९७२ पेट्या तैवानला गेल्या. तैपेईचे संग्रहालय १९६५ मध्ये उघडले. तिथली हिरव्या-पांढऱ्या जेडची कोबी जगप्रसिद्ध. उंची जेमतेम १९ सेंटिमीटर, पानांवर दोन किडे. दगडी ढोल मात्र बीजिंगलाच परतले.

यात खरा मालक कोण, हा वाद आम्ही सोडवणारे कोण? भावाभावांच्या वाटणीत समईची जोडी फुटलेली आपण पाहिली आहे. इथेही तसेच झाले. छ्यानलुंग बादशहाने तीन जुनी हस्ताक्षरे जपण्यासाठी राजवाड्यातली एक चिमुकली खोली राखली होती. त्यांतले एक आज तैपेईत आहे. उरलेली दोन आधीच राजवाड्याबाहेर गेली होती. ती १९५१ मध्ये हाँगकाँगहून विकत घेऊन बीजिंगला आणली. खोली आहे तिथेच आहे.